टाळेबंदीचा जमाखर्च



२०२० साली कोरोनाच्या साथीत आपला देश ६८ दिवस बंद होता. या बंदविषयी अजूनही दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, "बंद केला म्हणून वाचलो." कोणी म्हणतो, "रोगाने नव्हे, बंदने मारले." दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. सुगी आटोपली की शेतकरी खळ्यावर बसून किती पेरले, किती पिकले, किती देणे झाले याचा हिशेब मांडतो. टाळेबंदीचाही तसाच हिशेब मांडला पाहिजे. तो झालेल्या गोष्टी उगाळण्यासाठी नव्हे. साथी पूर्वी आल्या, पुढेही येतील. त्या वेळी आपले घर तयार असावे म्हणून.

या पाठात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची आहे. टाळेबंदीने रोग जात नाही, ती फक्त वेळ मिळवून देते. हा वेळ उसना असतो आणि त्याचे व्याज कोणाला तरी भरावे लागते. ते कोणी भरले हे समजले, तर पुढच्या वेळी काय करायचे हेही समजेल.

१. टाळेबंदी म्हणजे काय?

रोग्याला वेगळे ठेवण्याची चाल फार जुनी आहे. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात चर्मरोगाचा संशय आला, तर त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवून याजकाने पुन्हा तपासावे, असा नियम आहे. पुढे युरोपात प्लेगच्या भीतीने बाहेरून आलेली जहाजे चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवून ठेवत. 'क्वारंटाइन' हा शब्द 'चाळीस' या अर्थाच्या इटालियन शब्दावरूनच आला आहे. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. २०२० साली राज्य सरकारांनी याच कायद्याचा आधार घेतला होता.

प्लेगच्या वेळी लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत, हे आपण वाडवडिलांकडून ऐकले आहे. मग कोरोनात नेमके उलटे, घरातच राहायला का सांगितले? कारण सोपे आहे. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो. उंदीर घरात, म्हणून माणसाने घराबाहेर पडणे शहाणपणाचे होते. कोरोना माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून, बोलण्यातून पसरतो. म्हणून माणसांनी एकमेकांपासून लांब राहणे हाच उपाय. रोग कसा पसरतो हे आधी पाहावे आणि मग बंद कशाचा करायचा ते ठरवावे. हा नियम आपल्याला गोठ्यातही ठाऊक आहे. बाजारातून आणलेली नवी म्हैस काही दिवस वेगळी बांधतात. लाळ्या-खुरकुताची साथ आली की गुरे बाजारात नेत नाहीत.

२२ मार्च २०२० रोजी एक दिवसाचा जनता कर्फ्यू झाला. २४ मार्चच्या रात्री घोषणा झाली आणि २५ मार्चपासून २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत चालली. सुरुवातीला देशात सुमारे सहाशे रुग्ण होते. शेवटी ते १ लाख ८२ हजारांवर गेले. म्हणजे बंद असतानाही रोग वाढला. मात्र बंद नसता तर तो याहून वेगाने वाढला असता आणि तोंडाला लावायच्या पट्ट्या, डॉक्टरांचे संरक्षक पोशाख, तपासणीची सोय, खाटा यांपैकी काहीच पुरेसे नसताना इस्पितळांवर लोंढा आला असता. मिळालेल्या वेळात ही तयारी पुष्कळ झाली. पण सगळी झाली नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली, तेव्हा अनेक ठिकाणी प्राणवायू कमी पडला. उसना वेळ नीट वापरला नाही, तर तो फुकट जातो हे त्यातून दिसले.

२. जमेची बाजू

पहिली जमा आरोग्याची. हात साबणाने धुणे, खोकताना तोंड झाकणे, वाटेल तिथे न थुंकणे या गोष्टी आरोग्यसेविका वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या. भीतीपोटी का होईना, त्या घराघरांत शिरल्या. त्या काळात जगभर नेहमीचा फ्लूदेखील फार कमी झाला. रस्त्यावरची रहदारी थांबल्याने अपघातही घटले. २०१९ साली देशात रस्ता-अपघातांत १ लाख ५१ हजार माणसे मेली होती. २०२० साली हा आकडा १ लाख ३१ हजारांवर आला. शहरांची हवा इतकी निवळली की पंजाबातील जालंधरहून हिमालयाच्या धौलाधार रांगा दिसू लागल्या.

दुसरी जमा शेतीची. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत देशाचे एकूण उत्पादन आदल्या वर्षीच्या मानाने सुमारे २४ टक्क्यांनी घटले. कारखाने थांबले, बांधकामे थांबली, दुकाने मिटली. शेतीचे उत्पादन मात्र तीन टक्क्यांहून अधिक वाढले. देश बसला होता तेव्हा शेत उभे होते. पण यात एक मेख आहे. हा आकडा पिकलेल्या मालाचा आहे. भाव पडला तर माल वाढूनही शेतकऱ्याच्या खिशात पैसा वाढत नाही.

तिसरी जमा अशी की, गिऱ्हाईक आणि शेतकरी जवळ आले. गोवा भाजी आणि दुधासाठी बेळगाव भागावर किती अवलंबून आहे, हे चोर्ला घाटातील वाहतूक अडल्यावर गोव्याला कळले. गावातली पालेभाजी, वाल, भेंडी, कंद यांना गावातच गिऱ्हाईक मिळाले. गोव्यातील कित्येक गावांत वर्षानुवर्षे पडीक राहिलेली शेते २०२० च्या पावसात पुन्हा लावली गेली. शहरातून परतलेल्या मुलांनी चिखलात पाय घातला. कोकणातील आंबेवाल्यांनी पेट्या थेट शहरातील वसाहतींत पोचवल्या. दलालाशिवाय माल विकता येतो, हा अनुभव पुष्कळांना प्रथमच आला.

चौथी जमा घराची. लग्न ५० माणसांत आणि अंत्यविधी २० माणसांत करण्याची अट होती. थोडक्यात लग्न होऊ शकते, त्यासाठी जमीन गहाण टाकावी लागत नाही, हे सर्वांनी पाहिले. १२ एप्रिल २०२० चा पुनरुत्थानाचा सण आपण घरातच साजरा केला. मिस्सेला जाता न आल्याचे दुःख मोठे होते. पण अनेक घरांत संध्याकाळी सगळे जण एकत्र बसून प्रार्थना करू लागले. दारूची दुकानेही ४ मेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस बंद होती आणि काही घरांना त्यामुळे निवांत झोप मिळाली.

मात्र दारूविषयी एक सूचना येथे द्यायलाच हवी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार दोन-तीन दिवसांत होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. याला 'नाटक' समजू नये. अशा माणसाला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे. दारू सोडवायचीच; पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

३. खर्चाची बाजू

खर्चाची सुरुवात टाळेबंदीच्या आधीच झाली होती. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी खोटी अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरली आणि कोंबडीचा भाव कोसळला. खाद्याचा खर्चही निघेना. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, एका पोल्ट्रीवाल्याने सहा हजारांहून अधिक पक्षी जिवंत खड्ड्यात पुरले. रोग अजून गावात यायचा होता. अफवा आधी आली आणि तिने माणूस बुडवला.

मग बंद आला. मार्चअखेर म्हणजे टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची तोडणीला येण्याचे दिवस. सरकारने २७ मार्चला शेतीची कामे, बाजार समित्या, खते-बियाण्यांची दुकाने यांना सूट दिली. पण कागदावरची सूट नाक्यावरच्या पोलिसाला कळेपर्यंत काही दिवस गेले. गाडी मिळाली तर चालक नाही. चालक मिळाला तर बाजार अर्धाच उघडा. बाजार उघडला तर हॉटेले, खानावळी, लग्नाचे हॉल बंद. कोबी पोसला की फुटतो आणि टोमॅटो पिकला की चार दिवस थांबत नाही. कित्येकांनी उभ्या पिकात गुरे सोडली, कित्येकांनी नांगर फिरवला. खानापूर, चंदगड, सत्तरी, दोडामार्ग या पट्ट्यात तो काजूचा हंगाम होता. बी झाडाखाली पडत होती आणि खरेदीची केंद्रे बंद होती. ज्याला पैशाची निकड होती त्याने मिळेल त्या भावाने बी विकली. ज्याच्याकडे वाळवून ठेवायला जागा होती आणि दोन महिने घर चालवण्यापुरते होते, तो थांबू शकला. काजू दोघांकडे सारखाच होता, फरक घरातल्या शिलकीचा होता.

दुसरा खर्च मजुरांचा. रोज काम केले तर रोज चूल पेटणार, अशा लाखो माणसांना शहरात काम उरले नाही, भाडे देता येईना आणि गाडीही मिळेना. ती पायी निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, जालन्याहून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले १६ मजूर रेल्वेच्या रुळावर विसावले असता मालगाडीखाली सापडले. घरी बसणे हा ज्यांना उपाय होता त्यांनी तो केला. ज्यांना घरच जवळ नव्हते त्यांना तो उपाय कसा असणार? गावाकडे परतलेल्यांना रोजगार हमीच्या कामाने पुष्कळ आधार दिला. २०२०-२१ या एका वर्षात देशभर या योजनेत ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले, इतके पूर्वी कधीच झाले नव्हते.

तिसरा खर्च आरोग्याचाच आणि तो फार लोकांच्या ध्यानात येत नाही. कोरोनाकडे सगळे लक्ष लागले आणि बाकीचे रोग मागे पडले. क्षयरोगाचेच पाहा. २०१९ साली देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले. २०२० साली ही नोंद १८ लाखांवर आली. सहा लाख रुग्ण बरे झाले असा याचा अर्थ नाही. क्षय होताच, तपासणी झाली नाही. असा रुग्ण घरातच खोकत राहतो आणि घरातल्या लेकरांना रोग देतो. दारे-खिडक्या लावून सगळे आत बसले असताना तर हा धोका अधिकच. बाळांच्या लसी लांबल्या, गरोदर बायकांच्या तपासण्या चुकल्या, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तरी कित्येकांनी भीतीने दवाखान्याची पायरी चढली नाही.

चौथा खर्च मुलांचा. शाळा मार्च २०२० मध्ये मिटल्या आणि लहान वर्गांच्या शाळा बहुतेक ठिकाणी दीड-दोन वर्षे नीट भरल्याच नाहीत. शिकवणी मोबाइलवर गेली. घरात एक मोबाइल आणि मुले तीन. त्यात रेंज नाही. सांगे-सत्तरीकडच्या डोंगराळ गावांतली मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत. कर्नाटकात शिक्षकांनी 'विद्यागम' योजनेत गावोगाव झाडाखाली, देवळात, ओसरीवर वर्ग घेतले. ऑक्टोबर २०२० मध्ये तेही थांबवावे लागले. परिणाम पुढे दिसला. 'असर' या देशव्यापी पाहणीत २०१८ साली तिसरीतील १०० मुलांपैकी २७ मुलांना दुसरीचा धडा वाचता येत होता. २०२२ साली तो वाचणारी मुले २० च्या आसपास उरली. पेरणीची वेळ चुकली की पीक पुन्हा धरता येते, पण कष्ट दुप्पट लागतात. मुलांच्या वाचनाचेही तसेच आहे.

पाचवा खर्च घरातल्या बाईचा. सगळी माणसे दिवसभर घरी, म्हणजे स्वयंपाक दुप्पट, पाणी दुप्पट, भांडी दुप्पट आणि आजाऱ्याची सेवा वेगळी. पैसा नाही म्हणून चिडचिड. ती बाहेर काढायला जागा नाही म्हणून ती घरात निघाली. टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांतच महिला आयोगाकडे घरातील मारहाणीच्या तक्रारी वाढल्या. घर हे सर्वांनाच आसरा नसते, ही कडू गोष्ट त्या दिवसांनी दाखवली.

४. व्याज कोणी भरले?

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहू. ज्याला महिन्याचा पगार होता, पक्के घर होते, कणगीत धान्य होते, त्याला बहुतेक जमा मिळाली. हातावर पोट असलेला, नाशवंत माल पिकवणारा, आजारी, शाळकरी आणि घरातली बाई यांच्या वाट्याला बहुतेक खर्च आला. रोगापासून वाचवण्याचा लाभ सर्वांना झाला. किंमत मात्र थोड्यांनी भरली. म्हणून टाळेबंदी चूक की बरोबर, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. गरज पडल्यास ती करावी लागेल. पण ज्यांच्या जिवावर ती चालते, त्यांची सोय आधी झाली पाहिजे. सरकारने काय करावे ते आपण मागत राहू. आपल्या हातात काय आहे, ते पुढे दिले आहे.

५. आपण काय करावे?

(१) बेगमी. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी करण्याची चाल आहे. गोव्यात तिलाच पुरुमेंत म्हणतात. तांदूळ, मीठ, मिरची, आमसुले, सुके मासे भरून ठेवायचे. ही चाल अलीकडे सुटत चालली आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम धान्य धरले, तर पाच माणसांना महिन्याला ६० किलो आणि तीन महिन्यांना १८० किलो लागते. म्हणजे दोन क्विंटलच्या आतच. सुगीत सगळे भात विकून पुढे दुकानातून तांदूळ आणण्यापेक्षा एवढे घरात राखावे. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवावा, कोरड्या कणगीत किंवा पिंपात भरावा आणि जमिनीपासून उंच ठेवावा.

(२) पिकांची वाटणी. सगळी जमीन एकाच नाशवंत पिकाखाली घालू नये. एका तुकड्यात भाजी असेल तर दुसऱ्यात भुईमूग, मसूर, नाचणी असे टिकणारे पीक असावे. भाजीही एकदम न लावता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावावी. मग बाजार आठवडाभर बंद राहिला, तर एक वाफा जाईल. मळा जाणार नाही.

(३) जवळचे गिऱ्हाईक. मोठ्या बाजाराला माल जाऊ द्यावा. पण वीस-पंचवीस घरे अशी जोडून ठेवावीत की ती थेट आपल्याकडून भाजी, दूध, अंडी घेतील. ही ओळख सुबत्तेच्या दिवसांत करावी लागते. अडचणीच्या दिवशी ती होत नाही.

(४) औषधे. मधुमेह, रक्तदाब, फेफरे यांच्या गोळ्या एक महिना पुढच्या असाव्यात. क्षयाचे औषध डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी होईपर्यंत एक दिवसही चुकवू नये. मध्येच सोडल्यास रोग औषधाला दाद देईनासा होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध फुकट मिळते. बाळाची लस चुकली असल्यास कार्ड घेऊन आरोग्यसेविकेकडे जावे. उशीर झाला म्हणून लाजू नये.

(५) कागदपत्रे. २०२० साली माणशी ५ किलो फुकट धान्य रेशनकार्डावर आले आणि बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले. ज्यांचे कार्ड जुने होते किंवा खाते बंद पडले होते, त्यांना ती मदत मिळवताना नाकी नऊ आले. कार्डावर सुनेचे, नातवाचे नाव आहे का, हे याच महिन्यात पाहावे.

(६) वाचन. रोज संध्याकाळी अर्धा तास प्रत्येक मुलाने मोठ्याने वाचावे आणि घरातल्या कोणी तरी ऐकावे. ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी चालेल. शाळा बंद पडली तरी हा वर्ग बंद पडत नाही.

(७) अफवा. मोबाइलवर आलेली गोष्ट डॉक्टर, पशुवैद्य किंवा कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. एका वाक्याने शेजाऱ्याची पोल्ट्री बुडते, हे गोकाकच्या उदाहरणाने दाखवले आहे.

(८) शेजार. आपल्या वाड्यात एकटी म्हातारी माणसे कोण, रोजावर जगणारी घरे कोणती, बाहेरगावचे मजूर कुठे राहतात, याची यादी प्रत्येक वाड्याने करावी. साथ आल्यावर यादी करायला वेळ नसतो.

या आठ गोष्टींपैकी एकीलाही मोठा पैसा लागत नाही. त्या साथीसाठीच आहेत असेही नाही. घाटात दरड कोसळली, पूर आला, घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, तरी हीच तयारी कामी येते. पावसाळ्याआधी छप्पर शाकारतात, तसे हे काम चांगल्या दिवसांतच उरकून घ्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. २०२० च्या बंदमध्ये आपल्या वाड्यात सर्वांत अधिक नुकसान कोणाचे झाले? त्या वेळी आपण त्यांच्यासाठी काय केले?

२. आज बाजार एक महिना बंद झाला, तर आपल्या शेतातील कोणता माल टिकेल आणि कोणता जाईल?

३. आपल्या घरात कोणाची लस, तपासणी किंवा औषध अर्धवट राहिले आहे का?

४. त्या काळात लागलेली कोणती चांगली सवय आपण पुढे सोडून दिली? ती पुन्हा कशी लावता येईल?